रेघेतला पीळ

पडद्यावर चार रेघा असतात. तीन चुंबकीय क्षेत्राच्या घटकांच्या आणि चौथी त्याच्या एकूण मापाची. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेनं पंधरा लाख किलोमीटरवर, एल-वन बिंदूभोवती फिरणाऱ्या एखाद्या यानाची ही नोंद. तासन्‌तास त्या रेघा नुसत्या थरथरत राहतात आणि मग मध्येच झेड घटकाची रेघ शहाण्यासारखी वागायला लागते. उणे ४ नॅनोटेस्लापर्यंत खाली जाते, तिथून सावकाश, न अडखळता चढत वीस मिनिटांत अधिक ४ वर पोचते आणि शून्याजवळ येऊन विरते. नेमक्या मधल्या क्षणी चौथी रेघ ६ वरून ९ वर फुगते. फ्लक्स रोप! पीळ बसलेल्या चुंबकीय रेषांचा जुडगा यानावरून गेला, असं लिहून टाकायला हात शिवशिवतात. पण त्याच तुकड्यावर वेगवेगळ्या पद्धती चालवल्या की पंचाईत होते. एक म्हणते दोर आहे, दुसरी म्हणते लाट आहे, तिसरी त्याची दखलही घेत नाही. तुकड्याची सुरुवात दोन मिनिटांनी पुढं-मागं केली तर पहिलीचाही सूर बदलतो. हे मनात सलत राहतं. क्षेत्र तेच, आकडेही तेच. मग तिथं काही आहे की नाही, हे ठरवतंय कोण?

या सगळ्या खटाटोपाची मूळ अडचण अशी की यान एकच रेघ कापत जातं. गादीतून एक सुई आरपार काढायची आणि सुईला जे लागलं त्यावरून गादीचा आकार सांगायचा, असा प्रकार. त्यातही सुई जवळजवळ स्थिर आहे आणि गादीच तिच्यावरून धावतेय. सौरवारा, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर पडणारा विद्युतभारित कणांचा प्रवाह, सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगानं वाहतो. त्यातल्या चुंबकीय लाटांचा स्वतःचा वेग, म्हणजे आल्फव्हेन वेग, पृथ्वीच्या अंतरावर सेकंदाला ५० किलोमीटरच्या आसपास. रचना आपल्या जागी बदलायला लागतो तेवढ्या वेळात ती यानावरून केव्हाच निघून गेलेली असते, म्हणून काळाला वेगानं गुणून अंतर काढायचं. टेलरचं हे गृहीतक. आपला वीस मिनिटांचा तुकडा त्या हिशेबानं ४ लाख ८० हजार किलोमीटरचा, म्हणजे पृथ्वी-चंद्र अंतराहून मोठा. पण हा गुणाकार सगळीकडे चालत नाही. पार्कर सोलर प्रोब २८ एप्रिल २०२१ रोजी सूर्याच्या इतकं जवळ गेलं की वाऱ्याचा वेग आल्फव्हेन वेगापेक्षा कमी पडला. तिथं रचना आधी बदलली की आधी पुढं सरकली, हे एकट्या यानाला कळायला मार्ग नाही. पृथ्वीच्या चुंबकीय कवचाबाहेरच्या खळबळत्या, मंदावलेल्या थरातही तोच घोळ. तरी तिथल्या नोंदींवरही सरसकट ‘गुणिले वेग’ करून किलोमीटर लिहिलेले दिसतात.

रचनेवर संशय घ्यायचा तो नंतर. पहिला संशयित यान स्वतः.

पृथ्वीच्या पृष्ठभागावर चुंबकीय क्षेत्र जागेनुसार २५ हजार ते ६५ हजार नॅनोटेस्ला असतं. सौरवाऱ्यात ५. एवढंसं क्षेत्र मोजायला जे यंत्र जातं, ते सौरपट्ट्या, बॅटऱ्या, हीटर आणि यानाची दिशा सांभाळणारी, गरगरणारी प्रतिक्रिया-चाकं घेऊन जातं, आणि यातली प्रत्येक गोष्ट आपलं क्षेत्र निर्माण करते. म्हणून मॅग्नेटोमीटर लांब दांड्यावर, बूमवर बसवतात. आदित्य-एल१ चा बूम सहा मीटरचा. उड्डाणानंतर १३२ दिवस तो घडी घालून ठेवला होता आणि ११ जानेवारी २०२४ रोजी साधारण नऊ सेकंदांत उलगडला. त्यावर दोन संवेदक आहेत, एक यानापासून तीन मीटरवर आणि दुसरा सहावर. दोन का, यातच मेख आहे. यानाच्या आतलं छोटं चुंबक द्विध्रुवासारखं वागतं आणि त्याचं क्षेत्र अंतराच्या घनानं घटतं. अंतर दुप्पट, तर क्षेत्र एक अष्टमांश. अवकाशाचं क्षेत्र मात्र दोन्ही संवेदकांना सारखंच दिसतं. दोन्ही वाचनांची वजाबाकी केली की उरतं ते यानाचं, आणि त्यावरून बाहेरच्या संवेदकातला यानाचा वाटा काढून टाकता येतो. कागदावर हे फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात तीन आणि सहा हे आकडे यानाच्या बाजूपासून मोजलेले असतात आणि उपद्रवी तार मात्र आत कुठेतरी, बाजूपासून मीटरभर खोल असते. मग गुणोत्तर आठ राहत नाही. तीनचे चार आणि सहाचे सात होतात आणि आकडा साडेपाचच्या खाली येतो. हीटर एका कोपऱ्यात आणि चाक दुसऱ्या कोपऱ्यात असेल तर दोघांसाठी दोन गुणोत्तरं. हीटर सुरू-बंद झाल्यावर क्षेत्रात जी पायरी दिसते ती ओळखायला सोपी, कारण तिचे कोपरे काटकोनी असतात आणि ती ठरावीक वेळानं परत येते. चाकाचा वेग बदलताना सरकत जाणारा सूर ओळखणं अवघड. तो कमी वेगानं नोंदवलेल्या आकड्यांत दुमडून, म्हणजे खोट्या, मंद वारंवारितेचा होऊन येतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, लाट आहे.

त्याहून चिवट भानगड शून्याची. फ्लक्सगेट संवेदकात मऊ चुंबकीय पदार्थाचा गाभा असतो. प्रत्यावर्ती प्रवाहानं तो आलटून पालटून संपृक्त करतात. बाहेर क्षेत्र असेल तर ही आवर्तनं एका बाजूला झुकतात आणि दुसऱ्या पटीच्या वारंवारितेत संकेत उमटतो. पण क्षेत्र शून्य असतानाही यंत्र काहीतरी दाखवतं, आणि ते ‘काहीतरी’ तापमानाबरोबर, वयाबरोबर सरकतं. यान स्वतःभोवती फिरत असेल तर फिरण्याच्या पातळीतले दोन शून्य आपोआप सापडतात: खरं क्षेत्र फिरताना वर-खाली होतं, खोटं जागचं हलत नाही. अक्षाच्या दिशेचा तिसरा शून्य मात्र असा सापडत नाही, आणि न फिरणाऱ्या यानाचे तर तिन्ही लटकलेले. तिथं सौरवाऱ्याची एक सवय कामी येते. त्यातल्या आल्फव्हेन लाटांमध्ये क्षेत्र दिशा बदलतं, पण माप फारसं बदलत नाही. मग असे तुकडे निवडायचे आणि एकूण मापाची चढउतार सर्वांत कमी होईल असा शून्य शोधायचा. तुकडा निवडताना हात ढिला पडला आणि मध्ये एखादी दाबाची, क्षेत्र फुगवणारी रचना शिरली, तर शून्य चुकतो. शिवाय या उपायात एक आडवळण आहे, ते मला नेहमी खटकतं. एकूण माप स्थिर आहे असं धरून यंत्र जुळवायचं, आणि त्याच यंत्राच्या नोंदींवरून पुढं सांगायचं की सौरवाऱ्यात एकूण माप किती छान स्थिर असतं!

अर्ध्या नॅनोटेस्लाची चूक काय करते ते पाहू. खरं क्षेत्र ५, आणि ते वाय अक्षाच्या अधिक बाजूकडून उणे बाजूकडे वळतंय. वायच्या शून्यात ०.५ ची चूक आहे. सुरुवातीला यंत्र ५.५ दाखवेल, शेवटी ४.५. नुसत्या वळणानं क्षेत्र एक नॅनोटेस्लानं कमी झाल्याचं दिसलं. वीस टक्के! चुंबकीय खळगे, म्हणजे जिथं क्षेत्र अचानक बसतं अशा जागा शोधणाऱ्या प्रोग्रॅमला अशा ठिकाणी फुकटचं भक्ष्य मिळतं. त्यावरचा साधा इलाज म्हणजे खळग्याच्या आत-बाहेर क्षेत्राची दिशा किती बदलली ते तपासणं. दहा-पंधरा अंशांच्या आत असेल तर खळगा शून्याच्या चुकीतून आलेला असण्याची शक्यता फार कमी, कारण वळण नाही तर हा खोटा उतारही नाही.

यापुढची चूक इतकी साधी आहे की तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही. नोंद तुटते, आणि तुटलेल्या जागी फाइलमध्ये ९९९९.९९ किंवा उणे १ वर एकतीस शून्यं असा राक्षसी आकडा भरलेला असतो. तो तसाच राहिला तर निदान आरडाओरडा करतो, आलेख कोसळतो, लगेच कळतं. खरा धोका तो काढून टाकल्यानंतर सुरू होतो, जेव्हा मधली जागा सरळ रेषेनं जोडली जाते. फ्लक्स रोप शोधणाऱ्या प्रोग्रॅमला हवं काय असतं? गुळगुळीत, न थरथरता, एका दिशेनं होणारा बदल. जोडलेली रेषा त्याला नेमकं तेच देते. सरकती सरासरी घेतली तरी हाच परिणाम, फक्त जरा सभ्यपणे. सौरवाऱ्यातल्या कोणत्याही खळबळीवर पुरेशी लांब सरासरी फिरवली की तिच्यातून सावकाश वळणारे बाक निघतात. म्हणून तुटलेल्या जागा जोडू नयेत, त्यांच्यावर खूण करावी, आणि ज्या तुकड्यात दहा टक्क्यांहून जास्त जागा रिकामी आहे तो सोडून द्यावा. दहा हा आकडा काही शास्त्रात कोरलेला नाही. पण आकडा आधी ठरवावा, आवडता तुकडा हातचा जातोय हे दिसल्यावर नव्हे.

आता गणित. सगळ्यांच्या हाताशी असलेलं हत्यार म्हणजे किमान-विचरण पद्धत, १९६७ साली सोनरप आणि केहिल यांनी मांडलेली. तीन घटकांचे एकमेकांशी गुणाकार घ्यायचे, त्यांच्या सरासरीतून सरासरींचे गुणाकार वजा करायचे, तीन बाय तीनचं कोष्टक तयार होतं. त्याच्या आयगेनदिशा काढायच्या, म्हणजे एकमेकींना लंब अशा तीन दिशा, ज्यांत चढउतार सर्वांत जास्त, मधली आणि सर्वांत कमी असते. सर्वांत कमी चढउतार ज्या दिशेला, ती दिशा करंट शीटला, म्हणजे विद्युत्प्रवाह वाहणाऱ्या पातळ थराला, लंब. कारण चुंबकीय रेषा तुटत नसल्यामुळं पातळ थराला लंब असलेला घटक थर ओलांडताना बदलत नाही. फ्लक्स रोपच्या बाबतीत, यान गाभ्याजवळून गेलं असेल तर मधली दिशा दोराच्या अक्षाची. गाभ्यापासून लांबून गेलं तर मधली आणि किमान यांच्यात अदलाबदल व्हायला लागते. हे ओळखायचं आयगेनमूल्यांच्या, म्हणजे त्या तीन दिशांमधल्या चढउताराच्या मापांच्या, गुणोत्तरावरून. मधलं मूल्य किमान मूल्याच्या तिप्पट असेल आणि तुकड्यात वीस नोंदी असतील, तर लंबदिशेतली चूक साधारण ११ अंश येते. दहापट असेल तर ५ अंशांच्या आत. इथं एक पळवाट सगळ्यांना सुचते: सेकंदाला एक नोंद घेण्याऐवजी दहा घ्या, नोंदी दोनशे, सूत्रातली चूक तिपटीनं कमी. सूत्र फसतं, निसर्ग नाही. शेजारच्या नोंदी एकमेकींसारख्याच असतील तर त्या दहा मिळून एकच.

मग प्रोग्रॅम आयगेनदिशा देतो आणि तिचं अधिक-उणे चिन्ह मनाला येईल ते देतो. दिशा म्हणून अधिक आणि उणे दोन्ही बरोबर. पण तिन्ही दिशांचा मिळून उजव्या हाताचा अक्षसंच झाला आहे की नाही, हे त्यांच्या कोष्टकाचा निश्चयक (डिटर्मिनंट) अधिक एक येतो का यावरून तपासलं नाही, तर डावा पीळ उजवा म्हणून छापला जातो. पिळाच्या दिशेवरून हा दोर सूर्याच्या कुठल्या भागातून आला याची अटकळ बांधणारे पुढं रांगेत उभे असतात. एका चिन्हानं त्यांचा सूर्य उलटा होतो.

कोन चुकला की काय होतं याचं सर्वांत चांगलं उदाहरण पृथ्वीच्या चुंबकीय कवचाच्या काठावर मिळतं. रसेल आणि एल्फिक यांनी १९७८ मध्ये तिथं एक खूण दाखवली: सीमेला लंब असलेला घटक आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला झुकतो, एखाद-दोन मिनिटांत सारं आटोपतं, आणि मधोमध एकूण क्षेत्र वाढतं. सीमेलगतच्या क्षेत्राचं माप धरा ५० नॅनोटेस्ला. लंबदिशा १० अंशांनी चुकली तर सीमेला समांतर असलेल्या या ५० मधले जवळपास ९ नॅनोटेस्ला लंब घटकात झिरपतात. शोधतोय ती खूणही साधारण त्याच मापाची. मग सीमा नुसती पुढं-मागं डोलली तरी दोर गेल्यासारखा दिसतो.

एवढं सगळं स्वच्छ केल्यावरही सुरुवातीच्या त्या वीस मिनिटांच्या तुकड्याचा वाद मिटत नाही, कारण गोल फिरणारी आल्फव्हेन लाटसुद्धा अगदी तशीच वळते. नुसत्या चुंबकीय नोंदीत दोघांतला फरक पुसट असतो. फरक दिसतो तो प्लाझ्माच्या, म्हणजे सौरवाऱ्यातल्या विद्युतभारित कणांच्या, वेगात. लाटेत क्षेत्राचा प्रत्येक हेलकावा वेगाच्या हेलकाव्याशी पावलाला पाऊल जुळवून चालतो. दोरात क्षेत्र पिळलेलं असतं पण प्लाझ्मा त्यामानानं निवांत. त्यामुळं वेगाच्या बदलांची आल्फव्हेन वेगाच्या बदलांशी आकृती काढायची आणि तिचा उतार बघायचा. एकच्या जवळ आला तर लाट, शून्याच्या जवळ आला तर दोर म्हणायला जागा आहे. ०.३ च्या आतबाहेर कुठंतरी रेघ मारतात. ०.२९ दोर आणि ०.३१ लाट, असं निसर्गात काही नसतं, हे रेघ मारणाऱ्यालाही ठाऊक असतं. दुसरी कसोटी मला जास्त पटते, कारण तिच्यामागं भूमितीचं कारण आहे. यान दोरात शिरताना ज्या चुंबकीय पृष्ठांमधून आत जातं, त्याच पृष्ठांमधून उलट्या क्रमानं बाहेर पडतं. त्यामुळं आत जातानाचा दाब, म्हणजे प्लाझ्माचा अधिक अक्षाच्या दिशेतल्या क्षेत्राचा, आणि बाहेर येतानाचा दाब हे चुंबकीय विभवाच्या, म्हणजे यान कोणत्या पृष्ठावर आहे ते सांगणाऱ्या आकड्याच्या, पट्टीवर मांडले तर दोन वक्र एकमेकांवर बसले पाहिजेत. ग्राड-शफ्रानोव पद्धत ती हीच. अक्षाची दिशा चुकीची धरली तर वक्र विस्कटतात, म्हणून सगळ्या दिशा चाचपून जिथं ते सर्वांत घट्ट बसतात ती दिशा घेतात. विंड यानाच्या १९९६ ते २०१६ या काळातल्या नोंदींवर ही पद्धत यंत्रानं चालवली तेव्हा काही मिनिटांपासून सुमारे सहा तासांपर्यंतचे ७४ हजारांच्या वर छोटे दोर निघाले. त्याआधी डोळ्यांनी पाहून केलेल्या याद्या शेकड्यांत असायच्या. अवकाश तेच होतं. उताराची रेघ, किमान क्षेत्राची अट आणि तुकड्याची लांबी वेगळी होती.

याद्या मोठ्या होण्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या यादीवर शिकवलेलं यंत्र पुढं ‘आपोआप ओळखतं’ असं म्हटलं जातं, तेव्हा मात्र हसू येतं. ते ०.३ ची रेघच ओळखत असतं.

आकारच न ठरवता नुसते धक्के शोधायचे असतील तर पीव्हीआय नावाचा सोपा निर्देशांक आहे. दोन क्षणांमधल्या क्षेत्रबदलाला तशाच बदलांच्या वर्गांच्या सरासरीच्या वर्गमूळानं भागायचं. उत्तर तीनच्या वर गेलं तर दखल घ्यायची, पाचच्या वर गेलं तर थांबून पाहायचं. सगळी मेख भागाकारातल्या सरासरीत. ती वीस मिनिटांवर घेतली तर शांत वाऱ्यातला किरकोळ धक्काही पाचच्या वर जातो. दिवसभरावर घेतली तर खवळलेल्या तासात सगळंच तीनच्या वर. सौरवाऱ्यातल्या खळबळीला स्वतःची आठवण दहा लाख किलोमीटरच्या घरात टिकते, म्हणजे यानाच्या घड्याळात पाऊण तासाच्या आसपास. सरासरीची खिडकी त्याच्या काही पट तरी हवी. आणि दोन क्षणांमधलं अंतरही जपून निवडायचं. घन सेंटिमीटरला पाच प्रोटॉन असताना प्रोटॉनची जडत्व-लांबी शंभर किलोमीटरच्या आसपास येते. ती यानावरून पाव सेकंदात जाते. तीन सेकंदांच्या सरासरी नोंदीत असे पातळ थर बाराशे किलोमीटरांत चोपडले जातात. नोंदीत दिसणारी सर्वांत पातळ शीट पुष्कळदा नोंदीच्या वेगाचीच जाडी सांगत असते.

स्वतःची पद्धत किती भोळी आहे हे तपासायची एक चाचणी आहे, आणि ती करायला अर्धा दिवससुद्धा लागत नाही. खऱ्या नोंदीचं फूरिये रूपांतर घ्यायचं, म्हणजे ती वेगवेगळ्या वारंवारितांच्या लाटांत सोडवायची, प्रत्येक वारंवारितेची ताकद तशीच ठेवायची, फक्त कला (फेज) यदृच्छ, कशाही, करायच्या आणि परत उलटवायचं. तिन्ही घटकांना एका वारंवारितेवर एकाच कोनानं फिरवायचं, नाहीतर त्यांच्यातलं नातंच तुटतं. मिळालेल्या खोट्या नोंदीत वर्णपट खरा असतो, पण रचना एकही नसते. तिच्यावर तोच प्रोग्रॅम, त्याच अटींसह चालवायचा. खऱ्या नोंदीत शंभर सापडले आणि खोटीत साठ, तर त्या शंभरांतले साठ नुसत्या खळबळीचे बाक असू शकतात, आणि कोणते साठ हे सांगता येत नाही. खोट्या नोंदीत एकूण माप स्थिर राहत नाही, एवढी उणीव या चाचणीत आहे. पण ती न करता छापलेल्या यादीपेक्षा बरी.

एका सुईनं भागत नाही म्हणून चार पाठवल्या. क्लस्टरची चार यानं २००० साली गेली, चौफलकाच्या चार टोकांवर. एकच थर चारही ठिकाणी कधी पोचला ते घड्याळात पाहायचं की त्याची लंबदिशा आणि वेग थेट मिळतात, आयगेनदिशांची गरजच नाही. २००४ मध्ये या पद्धतीनं सौरवाऱ्यातले थर पुन्हा तपासले तेव्हा एक जुना समज हलला. किमान-विचरण पद्धतीला ज्यांच्यातून क्षेत्र आरपार जातं असं वाटत होतं, त्यांतल्या बहुतेकांचा लंब घटक शून्याजवळ निघाला. दोष थरांत नव्हता, लंबदिशेत होता.

चार जागची क्षेत्रं असली की त्यांच्या फरकांवरून विद्युत्प्रवाहही काढता येतो, आणि इथं पुन्हा शून्य दाराशी येऊन उभं राहतं. समजा हजार किलोमीटर जाडीची करंट शीट आहे आणि तिच्यात क्षेत्र ५ नॅनोटेस्लानं बदलतं. २०१५ साली गेलेल्या एमएमएस मोहिमेची यानं एकमेकांपासून दहाएक किलोमीटरवर आणता येतात. तेवढ्या अंतरात क्षेत्राचा फरक ०.०५ नॅनोटेस्ला. दोन यानांच्या शून्यांत ०.१ चा फरक राहिला असेल तर मोजलेला प्रवाह हा यंत्रांतल्या भांडणाचा प्रवाह, शीटचा नाही. चौरस मीटरला ४ नॅनोअँपिअरचा खरा प्रवाह ८ च्या खोट्याखाली बुडतो. यानं हजार किलोमीटरवर नेली तर खोटा प्रवाह शंभरपट घटतो, पण मग हजार किलोमीटरहून लहान सगळं दिसेनासं होतं. याच फरकांवरून क्षेत्राचं अपसरण (डायव्हर्जन्स), म्हणजे एखाद्या जागेतून क्षेत्र निव्वळ किती बाहेर पडतं, तेही काढून ठेवतात. ते शून्य यायला हवं. प्रवाहाच्या तुलनेत ते मोठं आलं तर अंतर तरी चुकीचं निवडलंय किंवा शून्य तरी. लहान आणि मोठ्या, दोन्ही अंतरांवर एकदम पाहता यावं म्हणून नासानं २०२२ मध्ये नऊ यानांची हेलिओस्वार्म मोहीम निवडली, एक मोठं आणि आठ लहान. नऊ यानं म्हणजे संवेदकांचे सत्तावीस अक्ष, आणि त्या सत्तावीसांचे शून्य एकमेकांशी जुळवत बसणं हे त्या मोहिमेतलं पहिलं काम असेल.